आक्का, आपलं नाव तेवढं घ्यायचं राहिलं

आक्का, तुझ्या दहाव्याला माईकवरून जे झालं ते मी करवलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. घाटावर बसलेल्या सगळ्या गावाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तूही जिथे असशील तिथून डोळे बारीक करून पाहिलं असशील आणि म्हणाली असशील, झालं एकदाचं भाभीच्या मनासारखं. झालं नाही. काय झालं ते सांगते, पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. दुकानात येणाऱ्या बायका तुझं नाव निघालं की आवाज खाली आणतात, माझ्या हातावर हात ठेवतात, आणि मी लुगडी उलगडत राहते. त्यांना वाटतं मी रडू आवरते आहे. मी राग आवरत असते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग ज्याच्यावर रागवायचं तेच माणूस निघून गेलं तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

तुला पहिल्यांदा माईकसमोर बसवलं तो दिवस आठव. मंचरला आमचं कापडाचं दुकान, दुकानाच्या मागे गोदाम, आणि गोदामाच्या कोपऱ्यात सतरंज्या-चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये मी दोन माणसं बसतील एवढी जागा केली होती. कापडात आवाज घुमत नाही, एवढं शहाणपण मला धंद्यानेच दिलेलं. 'टेका जरा' हे पॉडकास्टचं नावही दुकानातलंच. गिऱ्हाईक आत आलं की पप्पाजी, म्हणजे माझे सासरे, चाळीस वर्षं हेच म्हणत आलेत. गप्पा रेकॉर्ड करायच्या आणि लोकांनी त्या काम करता करता फोनवर ऐकायच्या, असं मी तुला समजावलं, तर तू म्हणालीस, म्हंजी रेडिओच की. मी म्हटलं रेडिओच, पण आपला. तू नऊवारी घ्यायला आली होतीस. दोन तास बोललीस आणि लुगडं न घेताच गेलीस.

त्यानंतर दर आठवड्याला, दुकान बंद असेल त्या दिवशी, तू महाळुंगे पडवळहून एसटीने यायचीस. येताना पिशवीत बटाटे आणायचीस. आमच्या जैन घरात कंदमुळं चालत नाहीत हे तुला पक्कं ठाऊक होतं, तरी आणायचीस आणि पप्पाजींसमोर ठेवून म्हणायचीस, खाऊ नका, पर बघा तरी. परक्या बाईशी चार शब्द न बोलणारे पप्पाजी तुझ्याशी त्यांच्या आजोबांच्या राजस्थानातल्या गावच्या मेंढ्यांबद्दल बोलत बसायचे. मी आत माईक लावून वाट बघायची.

सुरुवातीला मी तुझं बोलणं कापायची. मधे मधे तू थांबायचीस, कधी कधी लांब थांबायचीस, आणि लोक कंटाळतील म्हणून मी ती जागा उडवून टाकायची. एकदा तू स्वतःचा एपिसोड पूर्ण ऐकलास आणि विचारलंस, "भाभी, माझं गप बसणं कुठं गेलं?" त्यानंतर मी तुझं गप्प बसणं कधी कापलं नाही. एवढंच कशाला, गिऱ्हाइकासमोर, घरात, आमच्या ह्यांच्यासमोरसुद्धा मी जरा गप्प बसायला शिकले. ते तुझंच देणं आहे. आता रागारागाने लिहिते आहे म्हणून ते विसरले असं समजू नकोस.

दहा-बारा एपिसोड झाले. ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातली निम्मी बोटं माझ्या माहेरची. आमच्या ह्यांनी एकदा शांतपणे सांगितलं की दिवाळीच्या मालाला गोदामात जागा लागेल, तोवर काही जमतंय का बघ. त्यांचं चूक नव्हतं. पण लग्न होऊन आल्यापासून या घरात माझं म्हणावं असं ते एकच काम होतं, त्या चार हात जागेतलं. ते जाऊ नये म्हणून पॉडकास्ट कसा वाढवायचा ते मी शोधत बसले. सगळे एकच सांगत होते: दुसऱ्यांच्या पॉडकास्टवर पाहुणे म्हणून जा. त्यांचे लोक तुम्हाला ऐकतात, आवडलात तर तुमच्याकडे येतात. जाऊन चांगलं बोलायचं आणि निघताना आपलं नाव सांगायचं. यात न समजण्यासारखं काय होतं, आक्का?

पहिली मी गेले. जुन्नरचा एकजण लेणी आणि किल्ल्यांवर पॉडकास्ट करतो, त्याने लेण्याद्रीच्या पायथ्याशी बसवून माझी मुलाखत घेतली. मी पहिल्याच मिनिटाला 'टेका जरा' म्हणाले, मधे म्हणाले, शेवटी तर दोनदा म्हणाले. त्याने एक ठेवलं, बाकीचे कापले आणि मला परत कधी बोलावलं नाही. त्या मुलाखतीतून ऐकणारा एकही आला नाही. तू पोट धरून हसलीस. "भाभी, तू बोलाया गेलती का दवंडी पिटाया?" मला राग आला, पण मग तुलाच पाठवायचं ठरवलं. बोलणं तुझं होतं, मी नुसती माईक धरणारी.

आणि तू जिथे गेलीस तिथे जिंकून आलीस. बेल्ह्याचा संतोष जनावरांच्या बाजारातच माईक घेऊन फिरतो. त्याच्याकडे तू मेंढीच्या खुरावर अख्खा तास बोललीस. चिखलात चालून खूर कुजायला लागला की आधी काय बघायचं, मेंढी कुठे बांधायची, डॉक्टरला कधी बोलवायचं. बाजारातले व्यापारी टेंपोच्या फाळक्यावर बसून ऐकत होते, मी स्वतः पाहिलं. शेवटी संतोषने विचारलं, आक्का, तुम्हाला आणखी कुठं ऐकायचं? मी समोर उभी राहून हाताने खुणा करत होते. तू माझ्याकडे नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "हितंच. संतोष लई चांगलं काम करतोय, त्यालाच ऐका."

परतीच्या एसटीत आळेफाटा येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. आळेफाट्याला तू भेळ घेतलीस, माझ्यापुढे धरलीस आणि समजावायला लागलीस.

तुझं ते म्हणणं मी आता पाठ म्हणू शकते. तुमची मेंढरं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायची. वाटेत शेतकरी बोलवायचे, आमच्या रिकाम्या रानात बसवा म्हणून. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं आणि तुम्हाला धान्य. त्या बसण्याचा एक रिवाज तुझ्या सासूने तुला घालून दिला होता: ज्याच्या रानात मेंढरं बसलीत त्याच्या बांधावर दुसऱ्या रानाचं नाव काढायचं नाही. अमक्याचं रान चांगलं, तमक्याचं बोलावणं आलंय, एक अक्षर नाही. जो काढतो त्याला पुढच्या वर्षी कुणी बोलवत नाही. "त्येच्या घरचं पाणी प्यायचं आन् त्येचीच माणसं आपल्याकडं बोलवायची? मंग जातानाच सांगावं त्याला, आमी तुझी माणसं न्याया आलोय."

मी म्हटलं, आक्का, त्यालाही ते माहीत असतं, उद्या तो आपल्याकडे येईल, सगळे असंच करतात. सगळी करत असतील, मला न्हाई जमायचं, म्हणालीस. आणि पुढच्या आठवड्यात पप्पाजींच्या देखत म्हणालीस की भाभी आमचा बटाटा खात नाय, पर माझं बोलणं विकाया निघाली. पप्पाजी हसले. मलाही हसावं लागलं. ते मला लागलं होतं, आक्का. तेव्हा बोलले नाही.

त्यात भर म्हणजे तुला सगळीकडून परत परत बोलावणी यायची. संतोषने तीनदा बोलावलं. ज्या जुन्नरवाल्याने मला पुन्हा विचारलं नाही, त्याने तुला दोनदा नेलं. त्यांचे ऐकणारे वाढत होते, आपले होते तेवढेच. एकदा मी वैतागून म्हणालेच, सगळ्यांच्या रानात खत घालून येतेस आणि आपलं रान कोरडं. तू उत्तर दिलं नाहीस. तुझं ते गप्प बसणं मला अजून ऐकू येतं.

पुण्याचं बोलावणं आलं तेव्हा मी तुझ्याकडून शब्द घेतला. मोठा स्टुडिओ, काचेमागे दोन माणसं, थंडगार एसी, आणि त्यांना ऐकणारे आपल्या अख्ख्या तालुक्यात मावणार नाहीत इतके. दिवाळीच्या मालाची वेळ जवळ येत होती. यानंतर दुसरी संधी नाही, हे मी तुला स्पष्ट सांगितलं होतं. मंचरपासून चाकणपर्यंत तू गाडीत घोकत आलीस: आमचा पॉडकास्ट 'टेका जरा'. तिथल्या मुलीने शेवटी विचारलं, आक्का, लोकांना तुम्हाला भेटायचं असेल तर कुठे भेटायचं? तू पदर सारखा केलास. मला वाटलं, आता. "भेटाया काय इचारायचं? महाळुंग्यात उतरायचं आन् कुणालाबी म्हणायचं, मेंढरंवाल्या आक्काचं घर. च्या पिऊनच जायचं."

आणि माणसं आली. पॉडकास्टवर नाही, तुझ्या घरी. पुण्याहून मोटरसायकलवर, पाठीला सॅक लावून, सुट्टीच्या दिवशी तर घोळक्याने. तुझी सून चहा करून थकली. कुणी कोकरू मांडीवर घेऊन फोटो काढले, कुणी तुला आजी म्हणून नातं लावलं. त्यातल्या एकालाही 'टेका जरा' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एकाने मला विचारलं, तुम्ही शेजारी का?

ती माणसं गेल्यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुझ्या ओट्यावर, सुनेच्या देखत. "तुला माझं नाव घ्यायला जड जातं, एवढंच खरं आहे. बाकी मेंढरांच्या गोष्टी मला सांगू नकोस." हो, माझं म्हणाले. इतके दिवस आपलं-आपलं करत होते, त्या दिवशी खरं बाहेर पडलं. मला ऐकणारे हवे होते, जागा टिकवायची होती, ते खोटं नव्हतं. पण तुला माईकसमोर कुणी बसवलं हे तू एकदा तरी चार लोकांत सांगावंस, हे मला त्याहून जास्त हवं होतं. तू एवढंच म्हणालीस, भाभी, च्या घे. मी घेतला नाही. तशीच निघाले.

मग तीन आठवडे तू आली नाहीस आणि मी बोलावलं नाही. एका मंगळवारी निघणार होते, तर सुरतेचा माल आला आणि मी तो लावून घेत बसले. खरं सांगायचं तर माल निमित्त होता. तू आधी यावंस असं वाटत होतं. त्यानंतर तुझ्या मुलाचा, नामदेवचा फोन आला. सकाळी मेंढरांपाशी बसली ती उठलीच नाही, म्हणाला. मी विचारलं, काही म्हणाली का? न्हाई म्हणाला.

आता दहाव्याचं. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. आधी प्रवचन होतं, मग एकेकजण माईक घेऊन श्रद्धांजली वाहतो आणि गेलेल्या माणसापेक्षा स्वतःबद्दलच जास्त बोलतो. तुला त्याचा भारी कंटाळा. तुझ्या वेळीही तेच झालं. दोन-तीन पुढारी बोलून झाले आणि संतोष उठला. बेल्ह्याहून आला होता. माईक घेऊन म्हणाला, आक्कांना ज्यांना ऐकायचंय त्यांनी 'टेका जरा' ऐका, मंचरच्या भाभींचा पॉडकास्ट आहे, आक्का खऱ्या तिथल्या. दोनदा म्हणाला. वर मोबाईलमध्ये कसं शोधायचं ते सांगायला लागला, तेव्हा कुणीतरी मोठ्याने खाकरलं. तिकडे कावळा अजून पिंडाला शिवायचा होता आणि इकडे जाहिरात चालली होती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या त्या तेव्हा.

सगळं उरकल्यावर मी त्याला बाजूला गाठलं. म्हटलं, हे काय केलंस, लोकांना वाटेल मीच सांगितलं होतं. तो शांत होता. "भाभी, आक्का म्हणायच्या, ज्याचं रान त्याचंच नाव घ्यायचं. आज रान त्यांचंच व्हतं. म्हणून त्यांच्या पॉडकास्टचं नाव घेतलं."

मग मला बरं वाटावं म्हणून त्याने आणखी एक सांगितलं. त्याच्याकडे गेलीस की माईक लावायच्या आधी तू अर्धा अर्धा तास माझ्याबद्दल बोलायचीस. भाभीनं गठ्ठ्यात बसवून मला बोलती केली, नायतर माझं सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं, असं म्हणायचीस. तो म्हणायचा, आक्का, हेच रेकॉर्ड करू. तू म्हणायचीस, हे तुज्यासाठी न्हाई.

त्याला वाटलं हे ऐकून मी निवेन. मी भडकले, आक्का. माईक लावायच्या आधी? जे वाक्य माईकवर बोलायचं होतं ते तू माईक बंद असताना बोललीस, तेही बाजारात, जनावरांच्या गलक्यात? आणि त्याच्यासाठी नव्हतं तर कुणासाठी होतं? माझ्यासाठीच ना? मग ओट्यावर मी समोर उभी होते तेव्हा चहा घे म्हणण्याऐवजी ते सांगितलं असतंस तर मी चहाही घेतला असता. घाटावरून घरी येईपर्यंत मी रडत होते आणि तुला बोल लावत होते, दोन्ही एकदमच. आमचे हे गाडी चालवत होते, त्यांनी एकदाही मला गप्प केलं नाही.

ऐकणारे आले. आधी तुझ्या दहाव्याच्या गर्दीतले आले, त्यांनी पाहुण्यारावळ्यांना सांगितलं. मग जुन्नरवाल्याने आणि पुण्याच्या त्या मुलीनेही आपापल्या पॉडकास्टवर तुझी आठवण काढताना आपलं नाव घेतलं. मी कुणालाही सांगायला गेले नव्हते. आता रोज कुणी ना कुणी लिहितं, पुढचा एपिसोड कधी म्हणून विचारतं. आणि परवा गोदामातल्या त्या कोपऱ्यात दिवाळीचे गठ्ठे रचले गेले. मी अडवलं नाही. कुणाला बसवणार होते तिथे?

त्यात जुन्नरकडच्या आणे पठारावरच्या एका मेंढरंवाल्याचा मेसेज आला. मेंढी लंगडते आहे, आक्कांनी खुराचं कुठल्या एपिसोडात सांगितलंय ते कळवा. मी गल्ल्यावर बसून, कानात घालून, आपले सगळे एपिसोड पुन्हा ऐकले. खूर कुठेच नाही. आपल्याकडे तू खुराचं कधी बोललीच नाहीस. तू सांगितलंस काय, तर कोकणच्या वाटेवर उघड्या माळावर, पालात, एकटीने बाळंत झालीस ते. पहिल्यांदा समुद्र पाहिलास तेव्हा घाबरून नवऱ्याचा हात धरलास, आणि चारचौघांत धरला म्हणून दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाहीस ते. कामाचं काही नाहीच. हीसुद्धा माझी तक्रार होती. लोकांना उपयोगाचं लागतं, आक्का, उपयोगाचं सांग, म्हणून मी तुझ्या मागे लागायची. तू म्हणायचीस, "कामाचं भाईर सांगते की. हितं मला बोलू दे."

म्हणजे बघ, इतक्या दिवसांनी नाव विचारत एक माणूस माझ्या दारात आला, आणि त्याला मी माझ्या हाताने संतोषच्या पॉडकास्टची लिंक पाठवली. इतकी चीड आली की फोन गल्ल्यात टाकला आणि वरून चादरींचं बिलबुक ठेवलं.

चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं, बोलूनच पाठवलेलं. "भाभी, खुराचं घावलं. मेंढी चालाया लागली. पर ते ऐकून झालं आन् मी परत तुमच्याकडंच आलो. समुद्राचं ऐकलं. आमच्या मंडळीलाबी ऐकवलं. ती म्हणती, दुसरं काय सांगितलंय आक्कानं, लावा."

हे मला तुला सांगायचं होतं. सांगून वर म्हणायचं होतं की बघ, नाव घेतलं म्हणून माणूस आला, मी काय सांगत होते. तू म्हणाली असतीस, दुसरीकडं पाठवला म्हणून परत आला, मी काय सांगत व्हते. मी म्हटलं असतं, नावच माहीत नसतं तर परत कुठे आला असता? यावर तुझ्याकडे काहीतरी उत्तर असणार, हे मला नक्की माहीत आहे. तीन दिवस झाले, मी ते शोधते आहे. सापडत नाही. तुझ्या बाजूने भांडायला मला येत नाही, आक्का.